परदेशी नेमणुकीवर निघालेल्या सहकाऱ्याची पाठराखण: पुणे ते श्टुटगार्ट

कर्मचाऱ्याला परदेशी पाठवायचे ठरले की कंपनीत व्हिसा आणि विमानाचे तिकीट या दोन गोष्टींसाठी धावपळ सुरू होते, आणि त्या हाती आल्या की आपले काम झाले, अशी बहुतेकांची समजूत असते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात मी गेली अकरा वर्षे हे काम पाहते. आमचे बहुतेक अभियंते जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, बोब्लिंगेन, सिंडेलफिंगेन या भागात दोन-तीन वर्षांसाठी जातात. माणूस विमानात बसेपर्यंतचा टप्पा त्यातल्या त्यात सोपा असतो, हे मला या वर्षांत पक्के कळले आहे. खऱ्या अडचणी उतरल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत येतात, आणि त्या कार्यालयात क्वचित, घरात जास्त येतात. म्हणून आपण एक अख्खे घर हलवत आहोत, हे धरूनच सगळी आखणी करावी. पुढे लिहिलेले सर्व याच एका वाटेवरचे आहे. देश बदलला की नियम बदलतील, पण कोणत्या वेळी कोणाला काय विचारायचे, हा क्रम बराचसा तसाच राहतो.

होकार घरातून यावा

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून प्रस्ताव दिला की कर्मचारी तिथल्या तिथे हो म्हणतो. नाही म्हटले तर पुढची बढती हुकेल, अशी धास्ती त्यामागे असते, त्यामुळे हा होकार पक्का धरू नये. प्रस्ताव लेखी द्यावा, विचार करण्यासाठी किमान दहा दिवस द्यावेत, आणि नकार दिल्यास त्याचा वार्षिक मूल्यमापनाशी संबंध जोडला जाणार नाही, हे त्याच पत्रात लिहून द्यावे. या दहा दिवसांत कर्मचारी आणि त्याचा जोडीदार या दोघांना एकत्र बोलावून निवांत बसावे. जोडीदाराच्या नोकरीचे काय करायचे, मुले कोणत्या इयत्तेत आहेत, आई-वडिलांचे औषधपाणी कोण पाहते आणि घराचा हप्ता कशातून जातो, एवढे मोकळेपणाने बोलले गेले तरी पुढची निम्मी कोंडी टळते. मूल नववी-दहावीत असेल तर मी स्वतः कुटुंबासह जाण्याचा आग्रह धरत नाही. अशा वेळी नेमणूक वर्षभर पुढे ढकलता येते का, ते आधी विभागप्रमुखांना विचारते.

त्याच बैठकीत कंपनीच्या बाजूने एका माणसाचे नाव आणि फोन नंबर द्यावा. सामायिक ईमेल पत्ता देऊन भागत नाही. रात्री अकरा वाजता पाण्याचा नळ फुटला किंवा मुलाला ताप भरला, तर कोणाला फोन करायचा, हे जोडीदारालाही माहीत असले पाहिजे. पुण्यात एक आणि श्टुटगार्टमध्ये एक, अशी दोन माणसे नेमली तर उत्तम, पण दोघांपैकी शेवटची जबाबदारी कोणाची, ते ठरलेले असावे.

करार कोणता, हे आधी ठरवावे

जर्मनीला दोन वाटांनी पाठवता येते. पहिल्या वाटेत कर्मचारी भारतीय कंपनीच्याच पटावर राहतो आणि त्याच समूहातील जर्मन कंपनीत ठरावीक काळ काम करतो. त्यासाठी आयसीटी कार्ड नावाचा, म्हणजे एकाच उद्योगसमूहातील बदलीसाठीचा परवाना असतो. व्यवस्थापक आणि तज्ज्ञ यांना तो जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, तर प्रशिक्षणार्थींना एक वर्षासाठी मिळतो, आणि जाण्यापूर्वी समूहात किमान सहा महिने नोकरी झालेली असावी लागते. दुसऱ्या वाटेत भारतातील नोकरी सोडून किंवा स्थगित ठेवून जर्मन कंपनीशी थेट करार होतो, आणि पात्रता असेल तर युरोपियन युनियनचे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा राहण्याचा व काम करण्याचा परवाना मिळतो. कोणती वाट स्वस्त पडते याचा हिशेब वित्त विभाग करतोच. कोणत्या वाटेने कर्मचाऱ्याचे काय सुटते, हे सांगण्याचे काम मात्र आपले आहे.

भारत आणि जर्मनी यांच्यातील सर्वसमावेशक सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. पहिल्या वाटेने जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा भविष्यनिर्वाह निधी भारतात चालू राहतो, आणि आपल्या भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ हा दाखला घेतला तर ४८ महिन्यांपर्यंतच्या नेमणुकीत जर्मन निवृत्तिवेतन विम्याची वर्गणी भरावी लागत नाही. कर्मचारी परदेशी निघण्यापूर्वीच हा दाखला काढून त्याच्या हाती द्यावा. आरोग्यविमा या करारात येत नाही, त्यामुळे त्याची सोय स्वतंत्रपणे करावी लागते, आणि ती पहिल्या दिवसापासून लागू असली पाहिजे.

दुसऱ्या वाटेवर एक खड्डा आहे, तो मी आता प्रत्येकाला बोट ठेवून दाखवते. भारतीय कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेममध्ये अनेकांचे आई-वडील असतात. भारतातील नोकरी संपली की ते संरक्षणही संपते, आणि सत्तरीच्या माणसाला, तेही मधुमेह असताना, नवी पॉलिसी मिळणे सोपे नसते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका सहकाऱ्याला ही गोष्ट वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या दिवशी कळली, कारण आमच्या पत्रात त्याविषयी एक ओळही नव्हती. तेव्हापासून बदलीच्या पत्रात तीन गोष्टी नावानिशी लिहिल्याशिवाय मी सही करत नाही: आई-वडिलांचा विमा कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या खर्चाने चालू राहील, ग्रॅच्युइटीसाठी सेवा सलग धरली जाईल की नाही, आणि परत आल्यावर कोणत्या श्रेणीत रुजू करून घेतले जाईल.

कराच्या बाबतीत दोन्ही देशांतील सल्लागार कंपनीने नेमून द्यावेत आणि निदान पहिल्या व शेवटच्या वर्षाची विवरणपत्रे कंपनीच्या खर्चाने भरून द्यावीत. निघण्याचा महिना येथे महत्त्वाचा ठरतो. नोकरीसाठी परदेशी निघालेला भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर तो अनिवासी ठरतो. तो ऑगस्टमध्ये निघाला तर सहसा प्रश्न येत नाही. ऑक्टोबरमध्ये किंवा त्यानंतर निघाला तर त्या वर्षापुरता तो निवासीच राहतो आणि जर्मनीतील पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवून तिथे भरलेल्या कराची वजावट मागावी लागते. हे आधी सांगितले तर तो एक साधा हिशेब असतो. जुलैमध्ये विवरणपत्र भरताना कळले तर माणूस हादरतो.

बँकेचेही तसेच. अनिवासी झाल्यावर नेहमीचे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात बदलून घ्यावे लागते. जुने पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालवता येते, नवे उघडता येत नाही. पुण्यातील फ्लॅट भाड्याने दिला तर भाडेकरूला भाड्यातून कर कापून भरावा लागतो, ही गोष्ट भाडेकरूलाही ठाऊक नसते, म्हणून भाडेकरार करतानाच ती लिहावी. आणि भारतीय मोबाइल नंबर बंद करू देऊ नये. बँक, आधार, आयकर, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. रोमिंग चालू ठेवून तो जिवंत ठेवण्यासाठी लागणारे किरकोळ रिचार्ज कंपनीने भरले तरी चालेल.

नावे आणि कागद

मराठी माणसाचे नाव परदेशी कागदांवर अडते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो विसरत नाही. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, पासपोर्टवर स्वतःचे व वडिलांचे नाव एका रकान्यात एकत्र येते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या पदवीवर माहेरचे व पासपोर्टवर सासरचे नाव असते. जर्मन कार्यालयातील माणसाला ही तीन वेगळी माणसे वाटू शकतात, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून निघण्याच्या किमान तीन महिने आधी पासपोर्ट, पदवी, विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले टेबलावर शेजारी शेजारी मांडून नावांची अक्षरे जुळवून पाहावीत. फरक असेल तर राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र तेव्हाच करून घ्यावे. महापालिकेचा जन्मदाखला केवळ मराठीत असेल तर इंग्रजी प्रतही मागून घ्यावी आणि पुढे अधिकृत भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर करून घ्यावे.

मुलांच्या लसीकरणाचे कार्ड हातातल्या बॅगेत ठेवण्यास सांगावे. जर्मनीत १ मार्च २०२० पासून बालवाडीत आणि शाळेत प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा कायद्याने लागतो, आणि कार्ड पुण्यातल्या कपाटात राहिले तर प्रवेश तेवढाच लांबतो.

पहिले चौदा दिवस

तिकीट काढताना माणूस तिथे शनिवारी रात्री पोहोचणार नाही, याची काळजी घ्यावी. जर्मनीत रविवारी किराणा दुकाने बंद असतात, आणि दोन मुलांना घेऊन अनोळखी शहरात दूध शोधत फिरण्याने कोणाचीही सुरुवात होऊ नये. मंगळवार-बुधवारी सकाळी पोहोचणारे विमान सगळ्यांत सोयीचे असते. विमानतळावर घ्यायला माणूस असावा, आणि तात्पुरत्या घरात तांदूळ, मूगडाळ, दूध, पाव, फळे, मीठ, साखर आणि चहा आधीच ठेवलेला असावा. या सामानाला फार पैसे लागत नाहीत, पण ते पाहून आलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. या नोंदणीसाठी घरमालकाने सही केलेले पत्र लागते. बरीच सर्व्हिस अपार्टमेंट्स असे पत्र देत नाहीत, आणि कंपनीचा प्रवास विभाग नेमकी तीच स्वस्त म्हणून बुक करतो. नोंदणी नसेल तर करक्रमांक येत नाही, बँक खाते उघडणे अवघड होते, आणि निवास परवान्याची भेटीची वेळ मागतानाही नोंदणीचाच कागद पुढे करावा लागतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचे घर ठरवताना भाड्याच्या आधी ‘नोंदणीचे पत्र द्याल का?’ हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

नोंदणीनंतर दोन-चार आठवड्यांत अकरा अंकी करक्रमांक टपालाने येतो. येथे आमच्या एका अभियंत्याचा किस्सा सांगते. सव्वा महिना झाला तरी त्याचे पत्र येईना. त्याने कार्यालयात दोन खेटे घातले, पत्र पाठवल्याचे उत्तर मिळाले. शेवटी व्हिडिओ कॉलवर मी त्याला खाली जाऊन टपालपेटी दाखवायला सांगितले. आठ पेट्यांची एक ओळ होती, त्याच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच होते. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो. पोस्टमन पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो, आणि नाव नसेल तर पत्र परत जाते. तोपर्यंत बँकेचे कार्ड, विमा कंपनीचे पत्र आणि करक्रमांक अशी तीनही पत्रे परत गेली होती. करक्रमांक नसल्यामुळे त्याच्या पहिल्या पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत चढ्या दराने कर कापला गेला. पैसे पुढे समायोजित झाले, पण त्या महिन्यात घरभाडे भरायला त्याने पुण्यातून पैसे मागवले. आता आमच्या यादीत पहिल्या दिवसाचे पहिले काम असे आहे: आडनावाची छापील पट्टी टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवणे. पती-पत्नीची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही. ती पट्टी आम्ही पुण्यातूनच छापून देतो.

पहिला पगार उशिरा होणार, हे गृहीत धरून बिनव्याजी उचल द्यावी. घराची अनामत रक्कम कायद्याने मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते. ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पण नवख्या माणसाला तो सांगावा लागतो. भाडे विचारताना ‘काल्ट’ म्हणजे मूळ भाडे आणि ‘वार्म’ म्हणजे हीटिंग व इतर खर्चांसह भाडे, हा फरकही समजावून द्यावा. घरमालक शुफा नावाच्या संस्थेचा पतअहवाल मागतात, आणि नव्याने आलेल्या माणसाच्या आर्थिक पतीची तिथे काहीच नोंद नसते. अशा वेळी पगार, कराराची मुदत आणि कंपनीची हमी लिहिलेले जर्मन भाषेतील पत्र फार उपयोगी पडते. कोणी मागण्याची वाट न पाहता कंपनीने हे पत्र पहिल्याच फाइलमध्ये ठेवावे.

घर लागल्यानंतर

कायमचे घर मिळाले की आपण निश्चिंत होतो, आणि तिथेच चुकतो. जर्मनीतील बिनफर्निचरचे घर खरोखर रिकामे असते: अनेकदा ओटा, सिंक, शेगडी यांपैकी काही नसते आणि छताला फक्त दिव्यांच्या वायरी लोंबत असतात. आधीच्या भाडेकरूकडून स्वयंपाकघर विकत घ्यावे लागते किंवा नवे बसवावे लागते, आणि त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. स्थलांतर भत्त्यात ही रक्कम वेगळी धरावी. ‘किरकोळ खर्च’ या सदरात ती बसत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्याकडे खिडक्या उघड्याच असतात, त्यामुळे फोडणीची वाफ, कुकरची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे यांचा आपण विचार करत नाही. श्टुटगार्टच्या हिवाळ्यात बंद घरात हीच वाफ थंड भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते, आणि घर सोडताना तिचा खर्च अनामतीतून कापला जाऊ शकतो. दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडून हवा बदलायची, याला ‘लुफ्टन’ म्हणतात, आणि अनेक भाडेकरारांत ते कलम म्हणून लिहिलेले असते. बाहेर शून्य अंश असताना खिडकी उघडणे आपल्या माणसाला वेडेपणा वाटतो, म्हणून कारण समजावून सांगावे; नुसता नियम सांगितला तर पाळला जात नाही.

श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबियन भागात ‘केरवोखे’ नावाची एक पद्धत आहे. इमारतीचा जिना, तळघराची वाट आणि समोरचा पदपथ झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने घरोघर फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. या शब्दातला पहिला तुकडा आपल्या ‘केरा’सारखा ऐकू येतो आणि त्याचा अर्थही झाडण्याशीच निगडित आहे, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा फार गंमत वाटली होती, मी तो आता प्रत्येक कुटुंबाला असाच लक्षात ठेवायला सांगते. पाळी चुकली की शेजाऱ्यांशी पहिलाच प्रसंग वाईट येतो. कचऱ्याचे वर्गीकरण, रात्री दहानंतरची आणि रविवारची शांतता हेही याच जोडीने सांगावे. आणि ‘हाफ्टफ्लिष्ट’ हा व्यक्तिगत नुकसानभरपाईचा विमा पहिल्याच आठवड्यात उतरवावा. त्याचा वार्षिक हप्ता अगदी कमी असतो. इमारतीची सामायिक चावी हरवली आणि सगळी कुलपे बदलावी लागली, तर त्याची किंमत कळते. मात्र घेताना भाड्याच्या घराच्या चाव्या त्यात धरल्या आहेत का, ते पाहावे.

जोडीदार

मी ज्या नेमणुका मुदतीपूर्वी संपताना पाहिल्या, त्यांतील बहुतेक जोडीदाराच्या घुसमटीमुळे संपल्या. काम करणारा माणूस सकाळी निघून जातो. त्याला सहकारी असतात, कॅन्टीन असते, इंग्रजी बोलणारा संघ असतो. मागे राहणाऱ्याला चौथ्या मजल्यावरचे शांत घर असते, डिसेंबरमध्ये साडेचार वाजता होणारा अंधार असतो, आणि दुकानातल्या प्रत्येक पाटीवरची परकी भाषा असते. कोल्हापूरकडच्या आमच्या एका अभियंतीबरोबर तिचे यजमान गेले. बारा वर्षे हायस्कुलात गणित शिकवणारा माणूस. तिसऱ्या महिन्यात मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, आज दिवसभरात मी फक्त लिफ्टमधल्या आजींशी बोललो. ‘हॅलो’ म्हणालो.” त्या एका वाक्यानंतर आमचे धोरण बदलले.

आता जर्मन भाषेचा ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा वर्ग आम्ही जोडीदारासाठी नेमणूक ठरल्याबरोबर, पुण्यातच सुरू करतो. ब्लू कार्ड किंवा आयसीटी कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी भाषेची परीक्षा सहसा लागत नाही, म्हणून कंपन्या हा खर्च टाळतात; तो टाळू नये. पुण्यात त्यासाठी मॅक्सम्युलर भवन आहे, विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विदेशी भाषा विभाग आहे. शिकण्याची सोय इतकी चांगली फार थोड्या शहरांत असेल. तिथे गेल्यावर बी-१ या मधल्या पातळीपर्यंतचे शुल्क कंपनीने द्यावे आणि मूल लहान असेल तर त्या तासांपुरती पाळणाघराची सोयही करावी, कारण वर्ग आहे पण मुलाला ठेवायचे कुठे, या एका प्रश्नावर अनेक स्त्रियांचे शिक्षण थांबते. आयसीटी कार्ड असो वा ब्लू कार्ड, जोडीदाराला तिथे नोकरी करण्याची मुभा असते. पदवीची मान्यता तपासून देणे, जर्मन पद्धतीचा बायोडेटा करून देणे, एखाद्या समुपदेशकाशी गाठ घालून देणे, एवढे कंपनी सहज करू शकते. ते गणिताचे सर पुढे ए-२ करून एका शिकवणी केंद्रात आठवड्यातून तीन दिवस शिकवू लागले.

श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रांकफुर्ट या भागांत मराठी मंडळी भरपूर आहेत, गणेशोत्सव होतात. पहिल्याच महिन्यात एखाद्या मराठी कुटुंबाशी ओळख करून द्यावी. मात्र जुन्या सहकाऱ्यांवर ही जबाबदारी न विचारता टाकू नये. त्यांच्या वेळेची कदर करावी आणि शक्य असेल तर तो वेळ कामाचा धरावा.

मुले

बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये शाळेचे वर्ष सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते आणि त्याआधी उन्हाळ्याची लांब सुट्टी असते. कुटुंबाने ऑगस्टमध्ये पोहोचणे त्यामुळे सर्वांत चांगले. जर्मनीत शाळा सक्तीची आहे, घरी बसवून ऑनलाइन भारतीय शाळा चालवणे हा पर्याय तिथे चालत नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी सरकारी शाळांत तयारीचे वर्ग असतात, आणि प्राथमिक वयाची मुले त्यांतून लवकर वर येतात. चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, त्यामुळे दहा ते चौदा वयाच्या मुलाचा निर्णय घाईने घेऊ नये. तिथे इंटरनॅशनल स्कूलचे शुल्क कंपनीने द्यायचे का, हा प्रश्न नेमणुकीपूर्वीच सोडवावा. पाळणाघर आणि बालवाडीच्या जागांसाठी प्रतीक्षा यादी असते, म्हणून पत्ता नक्की होताच अर्ज करावा. पुण्यातील शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घेऊन तो जपून ठेवायला सांगावे.

आई-वडील आणि मध्यरात्रीचा फोन

सांगलीत आईला पक्षाघाताचा झटका आला, मुलगा बोब्लिंगेनला, आणि त्याचा निवास परवाना अजून हाती आलेला नाही, असा प्रसंग आमच्याकडे घडला आहे. मोठ्या जर्मन शहरांत परकीय नागरिक कार्यालयाची भेटीची वेळ मिळण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. दरम्यान भारतात आलो तर परत प्रवेश मिळेल का, हे त्या वेळी हातात असलेल्या कागदावर अवलंबून असते. त्या रात्री हे शोधत बसावे लागू नये. प्रवेश व्हिसाची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी कंपनीने स्मरण द्यावे, तात्पुरता दाखला मिळाला तर तो प्रवासाला चालतो का ते वकिलाकडून लेखी घ्यावे, आणि आणीबाणीचे तिकीट कोणाच्या मंजुरीने, किती वेळात निघेल, हे आधीच ठरवावे. आम्ही ही मंजुरी विभागप्रमुखांकडून काढून थेट नेमलेल्या व्यक्तीकडे दिली आहे, कारण विभागप्रमुख रात्री दोन वाजता फोन उचलत नाहीत.

मागे राहणाऱ्या भावाच्या किंवा बहिणीच्या नावे मर्यादित कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे. सोसायटी, वीज, बँक यांची कामे त्यावर चालतात. रुग्णालयाच्या कॅशलेस सोयीसाठी विमा कार्डाची प्रत घरात आणि शेजाऱ्यांकडे ठेवावी.

पुण्यातल्या साहेबांसाठी दोन शब्द

हिवाळ्यात भारत जर्मनीपेक्षा साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. पुण्यातून सकाळी अकराला लावलेला फोन डिसेंबरमध्ये तिथे साडेसहाला वाजतो. जर्मन कायद्यानुसार दिवसाचे काम साधारणपणे आठ तास आणि फार तर दहा तास, दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती, आणि रविवारी काम सहसा वर्ज्य. कंपनी भारतीय असली तरी तिथे काम करणाऱ्याला हाच नियम लागतो. आजारपणाची रजा घेतलेल्या माणसाला फोन करू नये. हे सर्व विभागप्रमुखांना लेखी कळवावे आणि त्यावर त्यांची सही घ्यावी.

तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कर्मचाऱ्याशी आणि जोडीदाराशी स्वतंत्रपणे बोलावे. ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारले की ‘हो’ असेच उत्तर येते. ‘या आठवड्यात कोणाकडे जेवायला गेलात?’, ‘मुलाच्या वर्गात बोलायला कोण आहे?’, ‘शेवटचे पत्र कोणते आले आणि ते कळले का?’ असे विचारले तर खरी परिस्थिती कळते.

परतीची आखणी

परतीच्या सहा महिने आधी जागा, श्रेणी आणि साहेब ठरलेले असावेत. घर सोडण्याची नोटीस तीन महिन्यांची आणि सही केलेल्या कागदावर द्यावी लागते. घर देताना भिंती, मजला, मीटर यांची नोंद असलेल्या हस्तांतर पत्रावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. पत्त्याची नोंद रद्द करण्याचे काम निघण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात करावे आणि त्याचा दाखला जपावा. फोन, इंटरनेट, विमा असे अनेक करार थांबवताना तो मागितला जातो. एनआरओ खाते पुन्हा निवासी करून घ्यावे. परदेशात राहिलेले खाते भारतीय विवरणपत्रात दाखवावे लागते, हेही सांगावे.

मुलांची तयारी मात्र एक वर्ष आधी सुरू व्हावी. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. पाच वर्षांचे मूल तीन वर्षांनी परत येते तेव्हा ते घरात मराठी बोलते, पण जोडाक्षर लिहू शकत नाही, आणि तिसरीच्या वर्गात इतर मुले परिच्छेद लिहीत असतात. आम्ही नेमणुकीच्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून दोन तास ऑनलाइन मराठी शिकवणीचे शुल्क देतो, आणि निघतानाच त्या कुटुंबाच्या सामानात दुरेघी वह्यांचा एक गठ्ठा ठेवतो.